खंडेनवमीची मोकळी जागा

मला मराठी वाचायला आलं ते पत्रकांमुळे. नॉटिंगहॅमच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर ताटं कमी आणि कागद जास्त असायचे. बाबा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. दिवसभर लोकांना झोपवतात आणि संध्याकाळी त्यांना जागं करायला पत्रकं लिहितात, असं आई म्हणायची. ती त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. बाबांनी लिहायचं, आईनं लाल पेनानं दुरुस्त करायचं आणि मी घड्या घालायच्या, अशी आमची वाटणी होती. घड्या घालता घालता मी अक्षरं जुळवू लागले. त्यामुळे 'कोथिंबीर' हा शब्द यायच्या आधी मला 'जाहीर निषेध' येत होता. सुट्टीत पुण्याला गेले की मावसभावंडं हसायची, ही भाजी मागतानासुद्धा भाषण करते म्हणून.

भारतानं अणुचाचणी केली त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत बाबा हॉलच्या दाराशी उभं राहून बाँबविरुद्धचं पत्रक वाटत होते. लोकांनी ते घेतलं, कारण डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं. मग प्रसादाचा शिरा त्याच पत्रकावर घेतला. तुपानं अक्षरं पलीकडून दिसायला लागली. घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, "चला, पोटापर्यंत तरी पोचलं."

बाबांनी सरकारचं कौतुक करणारं पत्रक आयुष्यात एकदाच लिहिलं. स्कॉटलंडमधल्या एका शाळेत लहान मुलांवर गोळीबार झाला आणि नंतर या देशात पिस्तुलं बाळगायलाच बंदी आली, तेव्हा. मी तेव्हा अजून प्रायमरीत होते. आईनं त्या पत्रकात एकही दुरुस्ती केली नव्हती, हे मला आठवतं, कारण ती टेबलाशी बसून नुसतं वाचत राहिली होती.

हे सगळं आधी सांगते, कारण त्याच आईनं पुढे एक दिवस मला सांगितलं की तिला पिस्तूल घ्यायचं आहे.

तोवर बाबा गेले होते. इराक युद्धाविरुद्धच्या मोर्चाला आम्ही तिघं लंडनला गेलो होतो. त्यानंतर वर्षभरात हृदयविकारानं, ते ज्या हॉस्पिटलात काम करत होते तिथंच गेले. मी लेस्टरला भाडेकरूंच्या सल्ला केंद्रात नोकरी धरली होती आणि तिथंच एका खोलीत राहत होते. आई नॉटिंगहॅमच्या घरात एकटी होती. शनिवारी मी ट्रेननं तिच्याकडे जायचे. ती दु:खी होती, पण घाबरलेली नव्हती. बाबांचे कागद ती एकेक विषय घेऊन लावत होती.

मग एका दुपारी घरफोडी झाली. आई तापानं वरच्या खोलीत झोपली होती. मागच्या दाराची काच फोडून दोघं आत शिरले. त्यांना वाटलं असणार की घरात कोणी नाही. एक जण जिना चढून वर आला आणि खोलीच्या दारात उभा राहिला. आईनं डोळे उघडले. तो म्हणाला, "तिथंच पडून राहा, डक." अगदी हळू आवाजात, नर्स म्हणते तसं. मग तिच्यासमोर त्यानं कपाट उघडलं. आजीच्या पाटल्या आणि बाबांचं घड्याळ घेऊन ते दोघं गेले.

नॉटिंगहॅममध्ये सगळेच सगळ्यांना 'डक' म्हणतात. बसचा ड्रायव्हर, पोस्टातली बाई, शाळेबाहेर गाड्या थांबवणारे आजोबा. मी लहानपणी आईलाच तशी हाक मारून मार खाल्ला होता. त्या दुपारनंतर बसमध्ये चढताना ड्रायव्हर "थँक यू, डक" म्हणाला की आईचा हात दांड्यावर घट्ट आवळलेला दिसायचा. गावभर प्रेमानं बोलला जाणारा शब्द आता तिला त्या दारात उभ्या माणसाच्या आवाजात ऐकू यायचा.

पोलीस आले, विम्यासाठी क्राइम नंबर देऊन गेले. मंडळातल्या काकू येऊन सोनं लॉकरमध्ये ठेवण्याचा सल्ला देऊन गेल्या; ज्यांचं सोनं गेलेलं असतं त्यांनाच हा सल्ला का देतात, मला कळलेलं नाही. आम्ही नवीन दार बसवलं. अलार्म बसवला. फोडणीच्या धुरानंही तो कोकलायचा. आई म्हणाली, चोर आल्याचं तो शेजाऱ्यांना सांगेल आणि शेजारी खिडकी बंद करून घेतील. शेवटी तिनं स्वत:चा उपाय काढला. संध्याकाळ झाली की मागच्या दाराला लागून ती पातेल्यांची उतरंड रचायची. खाली मोठं पुरणाचं पातेलं, त्यावर कुकरचं भांडं, वर डबे, सगळ्यात वर तांब्या आणि त्यावर पालथं फुलपात्र. दार जरा ढकललं गेलं तर सगळं कोसळावं म्हणून. सकाळी चहाला भांडं हवं असलं की आधी ती उतरंड उतरवायची.

मी रजा काढून काही आठवडे तिच्याजवळ राहिले. तिनंच मला परत पाठवलं. तू घरात असलीस की मला दोघींसाठी भीती वाटते, म्हणाली.

त्यानंतरच्याच एका शनिवारी आम्ही लसूण सोलत बसलो होतो. ती मान वर न करता म्हणाली, "कॅनॉलजवळ ते मासे धरायच्या गळांचं दुकान आहे ना, त्याच्या काचेत एक पिस्तूल आहे. वापरलेलं. लहानसं आहे, उशीखाली राहील."

मी हसले. ती हसली नाही.

तिनं सगळी चौकशी केली होती. ते छर्ऱ्याचं होतं, गॅसच्या छोट्या नळीवर चालणारं. ते बंदीत येत नाही, लायसनही लागत नाही. पण दिसायला अगदी खऱ्यासारखं. तिला कोणाला मारायचं नव्हतं, नुसतं दाखवायचं होतं. दारात कोणी उभं राहिलं तर आपल्या हातात काहीतरी असावं, इतकंच.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला पाठ होती. मी बोलत सुटले. शस्त्राचा धंदा भीतीवर चालतो. आधी भीती विकतात, मग तिच्यावरचं औषध. बाँब नुसता दाखवण्यासाठीच आहे असं सरकारंही म्हणतात, आणि वर्तमानपत्रातलं ते वाक्य तूच लाल पेनानं खोडलं होतंस. शिवाय, आदल्या वर्षीच्या जुलैत लंडनच्या ट्यूबमध्ये, भुयारी रेल्वेत, स्फोट झाल्यापासून आपल्या रंगाच्या माणसानं पाठीला सॅक लावली तरी लोक डबा बदलतात. पिस्तूल हातात घेतलेली सावळी बाई खिडकीतून कोणाला दिसली तर पोलीस आधी गोळी घालतील आणि छर्रे होते का ते मग बघतील. हे सगळं मी म्हणाले आणि आजही यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

आई लसूण सोलत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, पुढच्या शनिवारी चल माझ्याबरोबर, मला एकटीला त्या दुकानात जायला कसंतरी वाटतं.

लेस्टरला परत गेल्यावर मी आमच्या घरात जे करतात तेच केलं. पत्रक लिहिलं. एका पानाचं, एकाच वाचकासाठी. वर ठळक अक्षरांत 'जाहीर आवाहन'. पुढच्या शनिवारी ते टेबलावर ठेवलं. आईनं चष्मा लावला, लाल पेन शोधून काढलं आणि वाचायला बसली. बाबा गेल्यापासून ते पेन तिनं हातात घेतलं नव्हतं. दोन ठिकाणी वेलांट्या सुधारल्या, एक लांबलचक वाक्य तोडलं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"मुद्दे बरोबर आहेत," ती म्हणाली. "पण ज्यानं हे वाचायचं त्याला भीती वाटते आहे. त्यानं संध्याकाळी काय करायचं, ते कुठं लिहिलं नाहीस."

मी कागदाची घडी केली. आम्ही कोट घालून निघालो.

दुकानात ओल्या रबराचा आणि माशांच्या खाद्याचा वास होता. गळ, जाळी, गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि एका भिंतीवर साखळीनं बांधलेल्या एअरगन. मालक वयस्क होता; त्याच्या पायाशी एक म्हातारं कुत्रं झोपलं होतं. तो आईला "काय दाखवू, डक?" म्हणाला आणि मी तिचा दंड धरला. पण ती सरळ काचेपाशी गेली आणि बोट दाखवलं.

त्यानं ते काउंटरवरच्या रबरी मॅटवर ठेवलं. खरंच लहान होतं. मी आयुष्यभर जिच्याविरुद्ध घड्या घातल्या ती वस्तू मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते, आणि ती बाबांच्या दाढीच्या मशीनएवढी होती. उंदीर झालेत का, त्यानं विचारलं. आई म्हणाली, हो, तसंच काहीसं.

तिनं ते हातात घेतलं, लॅबमधली बाटली घेतात तसं, आधी उजेडाकडे धरून. मुठीच्या एका बाजूची खरखर झिजून गुळगुळीत झाली होती, जिथं कोणाचा तरी अंगठा रोज टेकला असणार. आईनं तिथं स्वत:चा अंगठा ठेवला. मग तिनं ती चौकशी केली जी ती जुना कुकर घेतानाही करते, दानात आलेले जुने कपडे विकणाऱ्या दुकानातून कोट घेतानाही करते. हे आधी कोणाचं होतं?

एका पोराचं, मालक म्हणाला. इथलंच, पलीकडच्या कौन्सिलच्या वसाहतीतलं. बागेत डबे मांडून नेम धरायचा. परवा त्याची आई आणून देऊन गेली.

आईनं विचारलं, त्याला आता नको का?

"त्याला आता खरी बंदूक मिळाली ना, डक," तो म्हणाला. "सैन्यात आहे, इराकमध्ये, बसऱ्याला."

तो अभिमानानं म्हणाला असंही नाही आणि कुत्सितपणेही नाही. मुलगा कॉलेजात गेला, सायकल विकायची आहे, असं सांगावं तसं. माझ्या घशात बाबांची सगळी पत्रकं एकदम आली. पण आई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत इतकंच होतं की इथं नको.

तिनं पिस्तूल मॅटवर ठेवलं. घ्यायचं की नाही ते सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत बाजूला ठेवाल का, विचारलं. त्यानं मान हलवली.

बाहेर कॅनॉलच्या कडेनं चालताना मी विचारलं, आता कसली वाट बघतेस? ती म्हणाली, खंडेनवमीची.

मी चिडले. आमच्या घरात मुहूर्त नव्हते. देवही नव्हते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजायची ती खंडेनवमी मात्र होती, कारण बाबांना ती आवडायची. देव मानत नाही, पण हात मानतो, असं ते म्हणायचे. त्यांचा नियम एकच होता: ज्यानं आपण काम केलं तेच मांडायचं. म्हणून पाटावर त्यांचा बाद झालेला लॅरिंगोस्कोप असायचा, भूल दिल्यावर घशात नळी घालताना लागणारा. आईची काचेची पिपेट. विळी. माझा कंपास. आणि मधोमध लांब हाताचा स्टेपलर, ज्यानं पत्रकं टाचली जायची. झेंडू मिळायचा नाही, सुपरमार्केटातली शेवंती असायची. त्या दिवशी यातल्या कशालाही हात लावायचा नाही, त्यांना सुट्टी. विळीलाही सुट्टी म्हणून संध्याकाळी चिपीतून, म्हणजे तळलेल्या माशांच्या दुकानातून, फिश अँड चिप्स यायचे, आणि माझ्यासाठी तो वर्षातला सगळ्यात मोठा सण होता.

"मुहूर्त नाही गं बघत," आई म्हणाली. "ते घरात आणलं तर त्या दिवशी पाटावर मांडावं लागेल. मांडता येतं का, ते बघायचं आहे."

खंडेनवमीला मी सुट्टी घेऊन गेले. सकाळी तिनं उतरंड उतरवली, चहा केला आणि पाट मांडला. बाबांची वस्तू ती त्यांच्यानंतरही मांडत होती. लॅरिंगोस्कोप, पिपेट, विळी, स्टेपलर. मी माझं लॅपटॉपचं माउस ठेवलं, कारण सल्ला केंद्रात दिवसभर तेच हातात असायचं. सगळं मांडून झालं तरी ती विळी आणि स्टेपलर यांच्यामध्ये थोडी जागा सोडून बसली होती. तळहाताएवढी. ती जागा कशासाठी आहे, हे मी विचारलं नाही.

तिनं एकेका वस्तूला हळदकुंकू लावलं, एकेक फूल ठेवलं. मोकळ्या जागेपाशी तिचं बोट थांबलं. बोटाला कुंकू लागलेलंच होतं. मी बोलायला तयार होते, पूर्ण आठवडाभर तयारी केली होती, पण त्याचा उपयोग नव्हता. ती माझ्याशी भांडतच नव्हती. ती त्या पाटाशी काहीतरी ठरवत होती.

शेवटी तिनं बोट पदराला पुसलं.

"कुंकू लावलं की ती वस्तू आपली होते," ती म्हणाली. "ते मला माझं नाही करायचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आम्ही जिंकलो. बाबा, मी, ती सगळी पत्रकं. मी तिला तसं काहीतरी म्हणायला लागले. तिनं मला मध्येच थांबवलं.

"पण मग मला इथं नाही राहता येणार," ती म्हणाली. "मी रोज संध्याकाळी ती भांडी रचते. मला नाही आता जमत."

हे तिनं फार साधेपणानं सांगितलं. स्टेपलर थोडा सरकवून तिनं ती मोकळी जागा भरून टाकली. त्या संध्याकाळी चिप्स आणले, पण दोघींनाही गेले नाहीत.

त्या दुकानात आम्ही परत गेलो नाही. मी फोन करून नको म्हणून कळवलं. मालक म्हणाला, काही हरकत नाही, डक, जाईल कोणाकडे तरी. ते मला खूप दिवस टोचत राहिलं. ते कोणाकडे तरी जाणारच होतं.

घर वसंतात विकलं गेलं. या घराला न्याय देईल असं पत्रक माझ्याच्यानं लिहिलं गेलेलं नाही. एका बाईनं हातात शस्त्र घ्यायला नकार दिला आणि त्याची किंमत म्हणून तिचं घर गेलं, एवढंच त्यात लिहायचं आहे. पण खाली कोणाचा निषेध करायचा, तेच समजत नाही. काच फोडणाऱ्या त्या दोघांचा? त्यांच्या वस्तीत कामं राहिली नव्हती, ते मला माहीत होतं. त्यावरही आम्ही पत्रक काढलं होतं.

बाबांचे कागद आम्ही दोघींनी आवरले. बरेचसे कौन्सिलच्या रिसायकलिंगला गेले. आईनं प्रत्येक विषयाचं एकेक पत्रक ठेवलं. पिस्तूलबंदीच्या पत्रकाची एकच प्रत उरली होती. ती तिनं वाचली आणि ठेवली. निघायच्या दिवशी सकाळी मागच्या दारातली उतरंड अजून तशीच होती. तिनं वरून एकेक भांडं माझ्या हातात दिलं आणि मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत गेले. शेवटी पुरणाचं पातेलं उचललं तेव्हा खाली लादीवर त्याचा गोल डाग होता. तिनं तो ओल्या फडक्यानं घासला. तो गेला नाही. दुसऱ्यांच्या घरात आपला डाग नको, म्हणत ती घासत राहिली, आणि व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता.

आता ती लेस्टरला बेलग्रेव्ह रोडजवळच्या गुजराती वस्तीत पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते. खाली बझर आहे, ओळखल्याशिवाय दार उघडत नाही. बसचे ड्रायव्हर इथंही 'डक'च म्हणतात. तिला ते यायच्या आधीही ठाऊक होतं. पण दुकानांतून सगळे 'आवो बेन' म्हणतात. कोणाचीही 'बेन' व्हायला एके काळी तिचा तात्त्विक विरोध होता. आता ती त्या हाकेला वळून बघते. भाजी थोडी जास्त घेते.

पहिल्या वर्षी खंडेनवमीला तिनं पाट मांडला. फ्लॅटमध्ये बसायला जागा कमी, म्हणून पाट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. इथं झेंडू ढिगांनी मिळतो. लॅरिंगोस्कोप, विळी, स्टेपलर, माझं माउस. पिपेट सामान हलवताना फुटली होती. सगळं मांडून झालं आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. वस्तू कमी झाल्या होत्या, तरी या वेळी तिनं मध्ये कुठंच जागा सोडली नव्हती. उरलेल्या कडेला तिनं नुसती फुलं ठेवली.

"चिप्स इथं चांगले मिळतात का गं?" तिनं विचारलं.

मिळतात, मी म्हटलं. पण तिथल्यासारखे नाहीत.